थांबलेला हात आणि चौदा वर्षांनी आलेला अल्बम : डेमोनाझचे प्रकरण

प्रकरणाची व्याप्ती

नॉर्वेतील बर्गन शहराच्या इमॉर्टल या ब्लॅक मेटल (कर्कश आवाजाचे, काळोख्या विषयांचे मेटल संगीत) बँडचा संस्थापक गिटारवादक डेमोनाझ याने 2011 मध्ये ‘मार्च ऑफ द नॉर्स’ हा एकल अल्बम प्रसिद्ध केला. अतिवेगवान ब्लॅक मेटलसाठी ओळखल्या जाणाऱ्या या माणसाचा अल्बम मात्र जुन्या, पारंपरिक हेवी मेटलच्या पायावर उभा आहे आणि त्यावर तो स्वतः गिटार वाजवत नाही. हे असे का झाले, त्याच्यासमोर कोणते मार्ग होते, त्यांपैकी कोणता निवडला गेला आणि त्याची किंमत काय पडली, याचा येथे विचार केला आहे. या क्षेत्रातील वादक रंगमंचावरील नावांनीच वावरत असल्याने तीच नावे ठेवली आहेत. खासगी नावे, घरगुती तपशील आणि सहकाऱ्यांमधील आरोप-प्रत्यारोप मुद्दाम गाळले आहेत, कारण घेतल्या गेलेल्या निर्णयांचा अर्थ लावण्यासाठी त्यांची गरज पडत नाही.

पार्श्वभूमी

इमॉर्टलची उभारणी 1990 च्या सुमारास झाली. डेमोनाझ गिटार वाजवत असे आणि गीते लिहीत असे. अबाथ बास वाजवत असे आणि गात असे. 1992 च्या पहिल्या अल्बमवर ड्रमवर आर्मागेडा होता. त्या काळातील नॉर्वेजियन ब्लॅक मेटलभोवती सैतानपूजा, चर्चची जाळपोळ आणि हिंसा यांचे काळे वलय होते. इमॉर्टलने आपला विषय निराळा ठेवला. बर्फ, डोंगर, हिवाळी अंधार आणि डेमोनाझने कल्पिलेले ब्लाशिर्क नावाचे राज्य एवढ्यावर त्यांनी आपले सगळे विश्व रचले. हे विश्व शब्दांतून उभे राहिलेले होते आणि शब्द डेमोनाझचे होते, ही बाब पुढील घडामोडी समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

संगीताच्या बाजूने त्यांचा भर वेगावर होता. 1993 चा ‘प्युअर होलोकॉस्ट’, 1995 चा ‘बॅटल्स इन द नॉर्थ’ आणि 1997 चा ‘ब्लिझर्ड बीस्ट्स’ हे तिन्ही अल्बम ड्रमच्या अखंड ब्लास्ट बीटवर (अतिजलद, सलग ठोक्यांवर) आणि गिटारच्या ट्रेमोलो पिकिंगवर चालतात. ट्रेमोलो पिकिंग म्हणजे एकाच तारेवर पिक वर-खाली इतक्या जलद फिरवणे, की तबल्यावरच्या रेल्यात जसे सुटे बोल न ऐकू येता एक सलग धार ऐकू येते, तसे स्वर एकमेकांत मिसळून जावेत. याचा हिशेब मांडला तर शरीरावरचा भार लक्षात येतो. मिनिटाला 200 ठोक्यांची लय धरली आणि प्रत्येक ठोक्याला चार आघात धरले, तर मिनिटाला 800 आणि सेकंदाला तेराहून अधिक आघात होतात. मनगटाची तीच छोटी हालचाल, तीच दिशा, विश्रांतीशिवाय. ‘ब्लिझर्ड बीस्ट्स’चे नऊ तुकडे जेमतेम अर्ध्या तासात संपतात, पण तो अर्धा तास बसवण्यासाठी सरावाच्या खोलीत किती तास घालवावे लागत असतील, याची कल्पना कोणत्याही वादकाला करता येईल.

अडचण

1997 मध्ये डेमोनाझच्या हाताला तीव्र टेंडिनायटिस, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचा दाह, जडला. एकच हालचाल पुन्हा पुन्हा, वेगाने आणि ताणाखाली केल्याने होणारा हा विकार टंकलेखक, शिंपी, खेळाडू आणि वादक अशा सर्वांना गाठतो. सौम्य असेल तर विश्रांतीने तो उतरतो. जुनाट झाला तर हात रोजच्या कामापुरता चालतो, पण पूर्वीचा वेग मागितला की पुन्हा उचल खातो. इमॉर्टलच्या संगीतात नेमका वेगच मुख्य होता. सावकाश वाजवणारा गिटारवादक एखाद्या दुसऱ्या बँडमध्ये खपला असता. या बँडच्या तेव्हाच्या शैलीत त्याला जागा नव्हती.

येथे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. पहिली शरीराची. दुसरी अधिक सूक्ष्म आहे : ज्या माणसाची ओळख गिटारवादक म्हणून घडली होती, त्याच्याकडे गिटार गेल्यावर स्वतःचे असे काय उरते? पहिलीवर वैद्यकीय उत्तर शोधता येत होते. दुसरीचे उत्तर सापडायला चौदा वर्षे लागली, आणि माझ्या मते एकल अल्बम हे त्याच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पहिला निर्णयबिंदू : बँड सोडायचा की भूमिका बदलायची

त्या वेळी तीन मार्ग दिसत होते. बँड थांबवावा, डेमोनाझने बाहेर पडून नव्या गिटारवादकाला जागा करून द्यावी, किंवा त्याने वादन सोडून गीतकार म्हणून आत राहावे. तिसरा मार्ग निवडला गेला. गिटार अबाथने उचलली, आणि डेमोनाझ गीतलेखन व बँडचे व्यवस्थापन पाहू लागला. मंचावर नसलेल्या माणसाने बँडचे विश्व लिहीत राहणे ही मेटलच्या जगात दुर्मीळ व्यवस्था होती.

या निर्णयाचा संगीतावर झालेला परिणाम कुणी आधी ताडला असेल असे वाटत नाही. 1999 च्या ‘अ‍ॅट द हार्ट ऑफ विंटर’वर केवळ सहा गीते आहेत आणि ती सुमारे 46 मिनिटे चालतात. आधीच्या अल्बमच्या तुलनेत गीतांची लांबी दुपटीहून अधिक झाली, लय जागोजागी मध्यावर आली, रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरसमूह) सुटे आणि ठसठशीत ऐकू येऊ लागले, आणि जुन्या हेवी मेटलचा व थ्रॅश या वेगवान मेटल प्रकाराचा वास स्पष्टपणे येऊ लागला. म्हणजे हेवी मेटलकडे वळण्याची क्रिया एकल अल्बमच्या बारा वर्षे आधी, मूळ बँडमध्येच आणि दुसऱ्या गिटारवादकाच्या हातून सुरू झाली होती. एकल अल्बमबद्दल लिहिताना हा दुवा बहुधा सुटतो, आणि मग तो अल्बम एखाद्या ब्लॅक मेटलवाल्याने हौसेखातर केलेली जुन्या आवडीची उजळणी वाटू लागतो.

खरे तर ही वाट परकी नव्हतीच. ‘ब्लॅक मेटल’ हे नाव ज्या अल्बमवरून रूढ झाले तो इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या व्हेनम बँडचा 1982 चा अल्बम मोटरहेड हा बँड आणि जुन्या हेवी मेटलच्याच कुळातला. स्वीडनच्या बाथरी बँडने आधी कर्कश आणि वेगवान ब्लॅक मेटल घडवले आणि पुढे, 1988 च्या ‘ब्लड फायर डेथ’मध्ये अंशतः व 1990 च्या ‘हॅमरहार्ट’मध्ये पूर्णपणे, लय उतरवून समूहस्वर, रुंद सूर आणि नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) विषय आणले. वेगवान कलाकाराने मंद होऊनही आपले वजन कायम राखल्याचा हा नमुना डेमोनाझच्या पिढीसमोर होता. जूडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडची जोड-गिटारची (दोन गिटार एकमेकींच्या साथीने वाजवण्याची) परंपरा आणि मॅनोवॉर बँडची तलवारी उगारलेली वीरगीतेही होतीच.

दुसरा निर्णयबिंदू : स्वतःचे नाव लावायचे की नाही

इमॉर्टल 2003 मध्ये विसर्जित झाला. त्यानंतर 2006 मध्ये ‘आय’ नावाच्या बँडचा ‘बिटवीन टू वर्ल्ड्स’ हा अल्बम आला. गायन व गिटार अबाथची, दुसरी गिटार एन्स्लेव्ड बँडच्या आइस डेलची, बास किंग ऑव्ह हेलचा, ड्रमवर तोच जुना आर्मागेडा, आणि शब्द पुन्हा डेमोनाझचे. या अल्बममध्ये ब्लॅक मेटलचा आवाज आणि हेवी मेटलची चाल एकत्र नांदतात. प्रयोग म्हणून तो यशस्वी ठरला; पण डेमोनाझच्या बाजूने पाहिले, तर तो पुन्हा दुसऱ्याच्या तोंडी शब्द देणाराच राहिला होता.

यानंतरच्या काळात त्याने स्वतःच्या नावाने काम हाती घेतले. त्याच सुमारास इमॉर्टलही पुन्हा एकत्र आला आणि 2009 मध्ये ‘ऑल शॅल फॉल’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्याची गीते डेमोनाझचीच आहेत. एका लेखकाला एकाच वेळी दोन घरे चालवायची होती. आता पर्याय असे होते.

एक, ‘आय’चा दुसरा अल्बम करावा. लोक ओळखीचे, शैली जमलेली; पण गाणारा अबाथच असणार आणि तो मूळ बँडमध्ये गुंतलेला.

दोन, नवा बँड काढून एखादा गायक शोधावा आणि आपण पडद्यामागेच राहावे. हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि त्याने दुसऱ्या अडचणीला हातही लागला नसता.

तीन, हाताला सोसेल इतपत गिटार वाजवून संथ संगीत करावे. वरवर हा मार्ग शहाणपणाचा दिसतो. मिनिटाला 110 ठोक्यांच्या लयीत ठोक्याला दोन आघात म्हणजे सेकंदाला चारही होत नाहीत. वेगवान ब्लॅक मेटलच्या तुलनेत हातावरचा भार तिपटीहून कमी. परंतु अल्बम बसवायचा म्हणजे सराव आणि ध्वनिमुद्रणाच्या अनेक फेऱ्या आल्या, आणि एकदा जायबंदी झालेल्या हातावर सगळा प्रकल्प टांगणे धोक्याचे होते.

चार, गिटार पूर्णपणे दुसऱ्याकडे सोपवून स्वतः गावे.

डेमोनाझने चौथा मार्ग धरला. गिटार आणि बास आइस डेलने वाजवले, ड्रम आर्मागेडाने, आणि गायन व गीते त्याची स्वतःची. इमॉर्टलच्या अल्बमांवर मुख्य गायन अबाथचे असल्याने अख्ख्या अल्बमभर मुख्य गायक म्हणून श्रोत्यांसमोर येणे ही त्याच्यासाठी नवी गोष्ट होती. ज्या वाद्यावर नाव कमावले तेच वाद्य स्वतःचे नाव छापलेल्या अल्बमवर दुसऱ्याच्या हाती देणे यात कमीपणा मानणारे पुष्कळ वादक भेटतील. येथे तो मानला गेला नाही, आणि पुढचे सर्व काही त्यामुळे शक्य झाले.

प्रत्यक्ष काम : लय, आवाज आणि विषय

‘मार्च ऑफ द नॉर्स’ एप्रिल 2011 मध्ये न्यूक्लिअर ब्लास्ट या जर्मन कंपनीकडून आला. ‘नॉर्दर्न हिम’ (इंग्रजी ‘हिम’, म्हणजे स्तोत्र) या समूहस्वरातील छोट्या प्रवेशानंतर ‘ऑल ब्लॅकन्ड स्काय’ सुरू होते आणि अल्बमचा रंग तेथेच ठरतो. ड्रम पुढे ढकलत राहतात, पण ब्लास्ट बीटचा भडिमार करीत नाहीत. रिफ मोजक्या स्वरांचे, पुन्हा पुन्हा येणारे आणि गुणगुणता येण्याजोगे आहेत. सोलो सुरेल आहेत. आणि ध्रुवपद सैन्याने एका सुरात म्हणावे असे बांधलेले आहे. मुद्दाम कर्कश, धुरकट ठेवलेल्या जुन्या ब्लॅक मेटल ध्वनिमुद्रणाच्या उलट येथील आवाज स्वच्छ आणि भरीव आहे.

लय का उतरवली, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे दुखरा हात. ते मला अपुरे वाटते, कारण या अल्बमवर तो हात वाजतच नाही. आइस डेलकडून हवा तेवढा वेग काढून घेता आला असता. लय उतरली ती शब्दांसाठी, असे ऐकताना जाणवते. ब्लास्ट बीटवर गाणाऱ्याचा आवाज हा एक पोत असतो. श्रोत्याला ओळी कळतात त्या अल्बमसोबतच्या पुस्तिकेतून. मध्यलयीत मात्र खरखरीत आवाजातही अक्षरे सुटी होतात, यमक कानावर पडते, आणि लिहिणाऱ्याला आपले लेखन ऐकवता येते. दुसऱ्यांच्या आवाजातून वर्षानुवर्षे लिहीत आलेल्या गीतकाराने हेवी मेटल निवडले, कारण मेटलच्या सगळ्या शाखांत शब्दांना सर्वांत मोकळी जागा तिथे आहे. डेमोनाझचा आवाज पल्लेदार नाही. त्याला प्रीस्टच्या गायकासारखे वर चढता येत नाही आणि तो तसा प्रयत्नही करीत नाही. खर्जाच्या वरच्या अंगाला, जवळजवळ बोलल्यासारख्या खरखरीत स्वरात तो ओळी टाकत जातो आणि सुराचे काम गिटारवर सोडतो. ही श्रमविभागणी नेमकी आहे.

विषयाचा निर्णयही तितकाच विचार करण्याजोगा आहे. ब्लाशिर्क त्याच्याच कल्पनेतले असले तरी लोकांच्या मनात ते इमॉर्टलचे होते. ते राज्य एकल अल्बमच्या मध्यभागी आणले असते तर हा बँडचाच जोड-अल्बम ठरला असता. त्याऐवजी त्याने नॉर्स योद्धे, तलवार, पर्वत, अग्नी आणि जुने देव घेतले. ‘अ सन ऑफ द स्वोर्ड’, ‘व्हेअर गॉड्स वन्स रोड’, ‘ओव्हर द माउंटन्स’ ही शीर्षकेच ते सांगतात. नॉर्स प्रतिमांचा वापर युरोपातील काही वांशिक अतिरेकी गट करतात आणि ब्लॅक मेटलच्या कडेला असे बँड आहेतही, त्यामुळे काल्पनिक राज्य सोडून ऐतिहासिक नाव उचलणे अगदी निर्धोक नव्हते. डेमोनाझने ते वीरकथेच्या आणि निसर्गाच्या पातळीवरच ठेवले. इमॉर्टलमध्ये पहिल्यापासून पाळलेले अंतर येथे कामी आले.

परिणाम

अल्बमने आपले मुख्य काम केले : डेमोनाझ हा स्वतंत्र आवाज असलेला कलाकार आहे, हे निर्विवाद झाले. गाणी सुबक आहेत, वादन भक्कम आहे, आणि बाथरीच्या वारशाचा उल्लेख झाल्याशिवाय या अल्बमची चर्चा सहसा होत नाही. मात्र तीन मर्यादा मांडल्या पाहिजेत.

आवाजाची जात अबाथच्या आवाजाच्या इतकी जवळ आहे की बेसावध श्रोत्याला फरक कळायला वेळ लागतो. स्वतःची ओळख कमावण्यासाठी केलेल्या कामात ही अडचण लहान नाही. दुसरी, मधल्या गाण्यांची लय आणि बांधणी फार सारखी आहे. पारंपरिक हेवी मेटलमध्ये धावते गाणे, संथ गाणे, लांबलचक कथनगीत अशी आलटापालट असते. तिचा पुरेसा लाभ येथे घेतलेला नाही. तिसरी मर्यादा रचनेची नसून व्यवस्थेची आहे. आइस डेल एन्स्लेव्डमध्ये व्यग्र, डेमोनाझ इमॉर्टलच्या कामात गुंतलेला; या नावाने दुसरा अल्बम आला नाही.

दूरचा परिणाम अधिक मोठा ठरला. 2015 मध्ये अबाथ इमॉर्टलमधून बाहेर पडला आणि त्याने आपल्याच नावाचा बँड काढला. इमॉर्टल हे नाव डेमोनाझ आणि ड्रमवादक हॉर्ग यांच्याकडे राहिले. गायक आणि गिटारवादक दोन्ही एकदम गेले असताना बँड चालू ठेवणे कोणालाही अशक्य वाटले असते. मधल्या काळात हातावर शस्त्रक्रिया झाल्याने डेमोनाझला पुन्हा गिटार वाजवता येऊ लागली होती, आणि गाण्याची भीड 2011 मध्येच मोडलेली होती. जुलै 2018 मध्ये ‘नॉर्दर्न केऑस गॉड्स’ आला तेव्हा गिटार आणि गायन दोन्ही त्याचे होते आणि लय पुन्हा जुन्या वेगाला भिडलेली होती. 2011 चा अल्बम झालाच नसता, तर 2018 मध्ये बँडला बाहेरून गायक आणावा लागला असता, आणि अबाथच्या जागी आलेल्या परक्या आवाजाला श्रोत्यांनी कसे वागवले असते हे सांगायला नको. पुढे हॉर्गही बाहेर पडला. 2023 च्या ‘वॉर अगेन्स्ट ऑल’वर बास वाजवायला पुन्हा आइस डेल आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिला मुद्दा वेळेचा. 1999 मध्ये मूळ बँडची लय उतरली, तेव्हा मध्यलयीत गाण्याचा प्रयोग करण्याची संधी होती. एखाद्या गीतात दुय्यम आवाज म्हणून डेमोनाझला आणले असते, तर 2011 मध्ये गायक म्हणून पहिलेच पाऊल पूर्ण अल्बमभर टाकावे लागले नसते. भूमिका बदलताना जुनी जागा कोण भरणार याचा विचार झाला. निघालेल्या माणसाला नवी जागा हळूहळू कशी करून द्यावी, याचा झालेला दिसत नाही. बँडच काय, कोणत्याही वादकसंचात दुखापतीनंतर हीच गोष्ट राहून जाते.

दुसरा मुद्दा वादकांच्या निवडीचा. आइस डेल आणि आर्मागेडा हे दोघेही ‘आय’मधलेच. त्यामुळे काम सुरळीत झाले, पण नव्या अल्बमला जुन्या बँडची सावलीही मिळाली. पारंपरिक हेवी मेटलच्या मुशीतला एखादा दुसरा गिटारवादक जोडीला घेतला असता, तर जोड-गिटारच्या संवादाला वाव मिळाला असता आणि ‘बिटवीन टू वर्ल्ड्स’पासून अंतरही वाढले असते. आइस डेलने सर्व गिटार एकट्याने वाजवल्या आहेत. सफाई आहे, पण दोन स्वभावांची झुंज नाही. अर्थात या पर्यायालाही किंमत होती. नवा माणूस म्हणजे नवे वेळापत्रक, आणि हा प्रकल्प आधीच इमॉर्टलच्या दोन कामांच्या फटीत बसवलेला होता.

तिसरा मुद्दा हाताचा, आणि तो वादकांनी अधिक बारकाईने वाचावा असा आहे. ‘ब्लिझर्ड बीस्ट्स’पर्यंत प्रत्येक अल्बम आधीच्यापेक्षा वेगवान किंवा अधिक किचकट करण्याची ओढ होती, आणि विश्रांती, सरावातील खंड, मनगटाऐवजी कोपरापासून हालचाल करण्याची पद्धत यांची चर्चा त्या पिढीच्या मेटल वादकांत क्वचितच होत असे. लय उतरवण्याचा जो निर्णय 2011 मध्ये कलात्मक निवड म्हणून घेतला गेला, तो 1996 मध्ये काही गीतांपुरता जरी घेतला असता तरी हाताला श्वास मिळाला असता. तेव्हा तो कमजोरी म्हणून वाचला गेला असता, ही त्या काळातील ब्लॅक मेटलची अडचण होती. बाथरीने सहा वर्षे आधीच तिच्यावर उत्तर देऊन ठेवले होते आणि डेमोनाझला ते पाठ होते.

चौथा आणि शेवटचा मुद्दा नावाचा. एकल अल्बमला स्वतःचे रंगमंचीय नाव देण्याऐवजी बँडसारखे वेगळे नाव दिले असते, तर आइस डेल आणि आर्मागेडा यांना त्यात बरोबरीची वाटणी मिळाली असती आणि दुसरा अल्बम होण्याची शक्यता कदाचित वाढली असती. मात्र तसे केले असते तर 1997 मध्ये उभा राहिलेला दुसरा प्रश्न अनुत्तरित राहिला असता. दोहोंपैकी एकच साधणार होते. त्याने नाव निवडले, आणि हाती एकच अल्बम आला.